पहिला फोन कुणाला

आमच्या सरांना चहा सोसत नसे आणि चहा घेतल्याशिवाय त्यांना काम करता येत नसे. पित्ताची गोळी शर्टाच्या खिशात आणि बशी खांद्यावरच्या पिशवीत, अशा तयारीनं ते बाहेर पडायचे. बशी घरची, कारण हल्ली कुठंही गेलं तरी कागदी कप हातात देतात आणि त्यातला चहा फुंकून पिता येत नाही, ही त्यांची तक्रार. दिवसभर गावोगाव फिरून लोकांच्या घरी चहा घ्यायचा, संध्याकाळी छाती चोळत ऑफिसात यायचं आणि कॉम्प्युटरसमोर बसून एका फाईलमध्ये एक ओळ लिहायची. एवढ्यासाठी कंपनी त्यांना पगार देत होती. मालकांची समजूत घालायचं काम बहुतेक वेळा माझ्या गळ्यात पडायचं.

बारामतीच्या एमआयडीसीत एका गाळ्यात आमचं ऑफिस होतं. इंदापूर तालुक्यातल्या दूध केंद्रांवर मोठे कूलर असतात, त्यांना आम्ही एक छोटी पेटी बसवून देत असू. दूध किती थंड आहे, वीज आहे का, कूलरचं झाकण बंद आहे का, हे ती पेटी आमच्या सर्व्हरला कळवत राही. दूध तापायला लागलं किंवा पेटी गप्प झाली की सर्व्हर ओरडे. पण सर्व्हर ओरडला म्हणून कुणाला ऐकू जाणार? ते ओरडणं माणसाच्या कानापर्यंत नेणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला हँडलर म्हणतात. कुठलं ओरडणं मनावर घ्यायचं, पहिला फोन कुणाला लावायचा, त्यानं उचलला नाही तर किती वेळानं दुसऱ्याला लावायचा, हे त्या हँडलरला सांगणारी एक साधी फाईल असते. कुठल्याही शहाण्या कंपनीत नवखा इंजिनिअर ती जेवणाच्या सुट्टीआधी लिहून मोकळा होतो. आमच्याकडं सर लिहायचे, आणि सरांनी हातात घेतली की तिला महिनाही पुरायचा नाही.

मी त्या काळात नोकरी सोडायच्या बेतात होते. कामाचा कंटाळा आला होता म्हणून नव्हे. काम मला फार आवडायचं, आमच्या घरात कॉम्प्युटर शिकलेली मी पहिली. पण अंथुर्ण्याला घरी आण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मी, दोघंच होतो. आण्णांनी सगळं आयुष्य एसटीत कंडक्टरकी केली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, आई गेली होती, आणि हळूहळू आण्णा मधली वर्षं विसरत चालले होते. दुपार झाली की शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावायचे, खांद्याला पिशवी अडकवायचे आणि ड्यूटीला निघायचे. त्यांच्या डोक्यातला स्टँड कॅनॉलच्या पलीकडं होता. कॅनॉलच्या पुलाला कठडा म्हणावा असा कठडा नाही, आणि पाणी सुटलं की तिथं धडधाकट माणूससुद्धा जपून चालतो. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी दुपारी घरी जायच्या, मी संध्याकाळी यायचे. मधला वेळ मोकळा. एकदा मी फाटकाला कुलूप लावून गेले. परत आले तर आण्णा आतल्या बाजूनं कडी धरून उभे होते, आणि दुपारभर ते तसेच कडी वाजवत होते असं गल्लीनं मला सांगितलं. त्यानंतर कुलूप लावायचा मला धीर झाला नाही. कामात असताना दर थोड्या वेळानं मी बाहेर जाऊन घरी फोन लावायचे. आण्णा कधी उचलायचे, कधी नाही.

सरांविषयी सांगायचं तर पळसदेवपासून सुरुवात करायला हवी. सर कंपनीत नवीन होते आणि मालकांच्या हट्टानं सगळ्या केंद्रांचे इशारे एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेले होते. ग्रुपमध्ये कंपनीचे सगळे, केंद्रचालक, त्यांचे भाऊबंद, दूध संघातले दोघंतिघं आणि कुणी जोडला हे कुणालाच माहीत नसलेला एक विमा एजंट. उन्हाळ्यात एका दुपारी पळसदेवच्या कूलरची वीज गेली. ग्रुपवर इशारा आला. त्याच दिवशी कुणाचातरी वाढदिवस होता. इशाऱ्याच्या वर केक, खाली फुलं. काहींनी इशाऱ्याला हात जोडले, एकानं अंगठा दाखवला, विमा एजंटनं 'खूप छान' असं लिहिलं. केंद्रावर मात्र कुणीच गेलं नाही, कारण एवढ्या लोकांनी बघितलंय म्हणजे कुणीतरी गेलंच असणार अशी प्रत्येकाची खात्री होती. संध्याकाळी टँकरवाल्यानं झाकण उघडून वास घेतला आणि दूध न भरताच तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशीच्या मिटिंगमध्ये सर कुणावर चिडले नाहीत. त्यांनी ग्रुपवरचे सगळे मेसेज नावानिशी, संथ आवाजात, पोथी वाचावी तसे वाचून दाखवले. अंगठासुद्धा 'अंगठा' म्हणून वाचला. मग त्यांनी विचारलं की त्या कूलरला सगळ्यात जवळ कुणाचं घर आहे. कुणालाच सांगता येईना. सरांनी लॅपटॉप बंद केला, स्कूटरची किल्ली घेतली आणि मला म्हणाले, "चला." ते ऑफिसात, मिटिंगमध्ये, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर, सगळीकडं गावाकडचीच भाषा बोलत. शिक्षण पुण्यात झालेलं, नोकऱ्या मोठमोठ्या केलेल्या, पण बोलीला त्यांनी कशाचा म्हणून हात लागू दिला नव्हता.

पळसदेवचा केंद्रचालक सज्जन माणूस निघाला. फक्त दुपारी तो होडी घेऊन धरणाच्या पाण्यात जाळी काढायला जायचा आणि भिजेल म्हणून फोन घरी ठेवायचा. सरांनी त्याला एका शब्दानं दुखावलं नाही. त्याच्याकडं चहा घेतला, मग केंद्रासमोरच्या शिंप्याकडं गेले. शर्टाचं एक चांगलं बटण स्वतः तोडून त्याला लावायला दिलं. बटण लागेपर्यंत चहा आला. शिंपी दिवसभर दारातच बसतो, समोरचं सगळं त्याला दिसतं, आणि मशीनच्या आवाजात फोन ऐकू येत नसला तरी मांडीखाली ठेवला तर थरथरलेला कळतो, एवढं सरांनी चहा संपायच्या आत काढून घेतलं. त्या संध्याकाळी पळसदेवच्या फाईलमध्ये पहिलं नाव शिंप्याचं पडलं.

मालक खवळले. आपला कोण लागतो तो शिंपी, असं त्यांनी माझ्यादेखत विचारलं. सर म्हणाले, "आपला कुणी न्हाय. पण तो तितं हाय." पळसदेवचं दूध त्यानंतर पुन्हा नासलं नाही.

तेव्हापासून त्यांचा नियमच झाला. ज्याच्या घरचा चहा पोटात गेला नाही, त्याचं नाव फाईलमध्ये नाही. चहाच्या निमित्तानं त्यांना काय काय कळायचं, ते कुठल्याही फॉर्ममध्ये भरून मिळालं नसतं. नरसिंहपूरचा चालक संगमावर अंघोळीला गेला की तास तास परत येत नाही, पण त्याची आई घरी असते आणि ती फोन उचलते. तिला वाचता मात्र येत नाही. म्हणून सरांनी मेसेज बंद करून टाकले आणि इशारे स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केले. "नरसिंगपूरचं दूध तापाया लागलंय. कुणाला तरी धाडा. चप्पल पायात घातली की एक दाबा." एक दाबला की हँडलर समजायचा, माणूस निघाला, आता पुढच्याला त्रास द्यायचा नाही. चप्पल घातल्याशिवाय एक दाबायचा नाही, ही ताकीद ते प्रत्येक घरी देत. ती आजी पुढं आम्हाला सांगायची, त्यो मानूस फोनवर माझं काई ऐकूनच घेत न्हाय, सारखं तेच तेच बोलतोय.

त्यांच्याबरोबर काम करणं सोपं होतं असं कुणी समजू नये. फाईलमधल्या ओळी डावीकडून किती आत सरकल्यात ते बघायला ते स्क्रीनला प्लास्टिकची पट्टी लावत आणि एखादी ओळ रेसभर चुकली तर सगळी फाईल पुन्हा लिहायला लावत. चांगलं झालं हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. कामावर यायला उशीर झाला तर काही म्हणायचे नाहीत, पण 'बघते' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. कधी बघता, असं लगेच विचारायचे. आणि त्यांची तपासणी हा तर सगळ्यांच्या डोक्याला ताप होता. नवीन नाव घातलं की कुणालाही न सांगता ते त्या गावी जात, माणूस सगळ्यात अडचणीत असेल अशी वेळ गाठून कूलरचा प्लग काढत आणि वाट बघत उभे राहत. जेवणावरून उठून आलेल्या, अर्धी दाढी करून आलेल्या कितीतरी लोकांनी त्यांना शिव्या दिल्या असतील. शिव्या खाऊन आले की ते खुशीत असत. आता ते सगळं सोडून मुलीकडं लांब राहायला गेलेत आणि त्या फायली मी लिहिते. पित्ताच्या गोळ्या मलाही लागायला लागल्यात.

तर, मी नोकरी सोडते म्हणून सांगायला त्यांच्या टेबलाशी गेले. कारणही सांगितलं. सर थांबा म्हणाले नाहीत, वाईट वाटलं म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "फाटक आत उघडतं का भाईर?" मला रागच आला. बाहेर, असं म्हणून मी जागेवर जाऊन बसले.

रविवारी सकाळी स्कूटर आमच्या दारात. पिशवीत बशी, स्क्रूड्रायव्हर आणि कूलरच्या झाकणाचा सेन्सर. झाकण उघडं राहिलं तर ओरडतो, फाटक उघडं राहिलं तरी ओरडणार, त्याला फरक कळत नाही, असं म्हणून त्यांनी तो फाटकाला बसवला. आण्णा शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनी सरांना तिकीट विचारलं. सर म्हणाले, पास हाय. आण्णांना ते पटलं.

मग आम्ही फाईल लिहायला बसलो आणि तिथं आमचं वाजलं. पहिला फोन कुणाला, असं सर म्हणाले, आणि मी म्हणाले, मला. हा काय प्रश्न झाला? माझे वडील आहेत. सर म्हणाले, तुम्ही बारामतीहून पोचेपर्यंत आण्णा कुठं असतील? मी म्हणाले, तरी पहिला मलाच. त्यांनी माझं नाव लिहिलं, पण सगळ्यात खाली. वर जागा मोकळी ठेवली आणि म्हणाले, "कॅनॉलच्या वाटंला सगळ्यात जवळ कोण हाय?"

जवळ बापूरावांचं घर होतं. रस्त्याच्या अलीकडं आमची आळी, विहारापासून सुरू होणारी. पलीकडं त्यांचा ऊस आणि त्यांचं घर. भांडण कधीच नव्हतं. समोरासमोर आलो की रामराम, जयभीम व्हायचं, लग्नाची पत्रिका यायची, आमचीही जायची. पण इतक्या वर्षांत त्यांच्या घरात आमचा चहा झाला नव्हता आणि आमच्या घरात त्यांचा. कुणी मनाई केली नव्हती आणि कुणी बोलावलंही नव्हतं. मी सरांना म्हणाले, तिथं आमचं जाणं-येणं नाही.

"मग कधी करताय?" सर म्हणाले. "आण्णा पान्यात गेल्यावर?"

मी त्यांच्यामागून रस्ता ओलांडला. तो रस्ता मी रोज ओलांडते, पण त्या घराकडं जायला कधी ओलांडला नव्हता. बापूराव बाजेवर बसले होते. सरांनी रामराम घातला आणि चहा पाहिजे म्हणून सरळ सांगितलं. त्यांच्या मंडळींनी, काकींनी, आत जाऊन चहा टाकला. कप कुठले येतात याकडं माझं सगळं लक्ष. सगळ्यांना एकसारखे कप आले. सरांनी पिशवीतून बशी काढली, तेव्हा काकी पदराआड हसल्या आणि मला जरा बरं वाटलं. बापूराव दुपारी कुठं असतात, फोन कुठं ठेवतात, गुडघे कसे आहेत, सगळी चौकशी झाली. दुपारी ते बाजेवरच पडलेले असतात, फोन उशाला असतो, गुडघे चांगले आहेत. बापूरावांनी विचारलं की म्हातारा ऐकला नाही तर ओढून आणायचा का. सर म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा, मला फोनपुरतंच कळतं.

बापूरावांनी कप खाली ठेवला. मग सरांकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाले, "आमी हात धरला तर चालंल का आण्णास्नी?"

मी चालेल म्हणाले.

संध्याकाळी फाईलमध्ये पहिलं नाव बापूरावांचं होतं, दुसरं विहाराच्या ओट्यावर दुपारी पत्ते खेळणाऱ्या माझ्या चुलतभावाचं, आणि तिसरं माझं. माझ्याखाली सरांनी स्वतःचं नाव घातलं. प्रत्येक गावाच्या फाईलमध्ये ते असंच तळाला असे. मला ते काही पटलं नव्हतं. वडिलांच्या बाबतीत मी शेवटून दुसरी, हे मनाला लागलं होतं, आणि नोकरी सोडायचं अजून डोक्यातून गेलं नव्हतं. महिना बघू, असं ठरवलं.

तपासणी अर्थात झाली. मधल्याच एका दुपारी सर कुणाला न सांगता अंथुर्ण्याला गेले आणि आमचं फाटक उघडून रस्त्यात उभे राहिले. बापूराव अंघोळीला बसले होते. फोन काकींनी घेतला आणि त्या कणकेच्या हातांनी धावत आल्या. आण्णा घरात गाढ झोपलेले आणि रस्त्यावर हा माणूस उभा. म्हातारं मानूस पळवत आणताय, लाज वाटती का, इथून सुरुवात करून काकींनी त्यांना जे झाडलं, ते सरांनी ऑफिसात येऊन आम्हाला दोनदा ऐकवलं. त्यांना एवढ्या आनंदात मी तेव्हाच पाहिलं.

आणि मग तो दिवस आला. कॅनॉलला पाणी सुटलं होतं. ऑफिसात एका नव्या केंद्राचं काम होतं, मी त्यात बुडून गेले होते, आणि संध्याकाळी एसटीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की दुपारभर मी घरी एकही फोन केला नव्हता. घरी पोचले तर फाटक बंद. आत गेले तर आण्णा नाहीत. खुंटीवर पिशवी नाही. फोन बघितला, कुणाचाही आलेला नव्हता. सेन्सर बिघडला, हे पहिलं मनात आलं. दुसरं काय मनात आलं ते मी लिहीत नाही. मी चप्पल न घालता कॅनॉलकडं पळत सुटले आणि बापूरावांच्या दारावरून जाताना काकींनी मला हाक मारली.

आण्णा त्यांच्या अंगणात बाजेवर बसून भाकरी खात होते. बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पिशवी मांडीवर.

बापूरावांनी झालेलं सांगितलं. फोन आला तेव्हा त्यांनी चप्पल घातली, एक दाबला, काकींना आमचं फाटक ओढून घ्यायला सांगितलं आणि निघाले. आण्णा पुलाच्या तोंडाशी पोचले होते. हात धरायला गेले तर आण्णांनी झिडकारला आणि ते पाण्याच्या अंगाला सरकले. मग बापूराव लांब उभे राहिले आणि म्हणाले, कंडक्टरसाहेब, एक इंदापूर द्या. आण्णा थांबले. त्यांनी पिशवीत हात घातला, सुट्टे आहेत का विचारलं, आणि बापूरावांना म्हणाले, पुढं सरका. बापूराव घराच्या दिशेनं चार पावलं सरकले. आण्णा त्यांच्यामागं आले आणि पुन्हा म्हणाले, पुढं सरका, वाटेत उभं राहू नका. तसे ते पुढं सरकत राहिले, आण्णा मागून सरकवत राहिले, आणि गाडी पुलापासून अंगणापर्यंत आली.

मी खाली बसले आणि रडले. काकींनी मला रडू दिलं. थोड्या वेळानं मी बापूरावांना म्हणाले की मला कळवायचं तरी, मी निघून आले असते.

"कशाला?" बापूराव म्हणाले. "आमी हुतो की. कामावरनं कशाला पळवायची पोरगी?"

घरी येऊन सरांना फोन लावला. मला त्यांचे आभार मानायचे होते, नीट, मोठ्या शब्दांत, जे मी कधी मानले नव्हते आणि त्यांनी कधी मानू दिले नव्हते. मी सगळं सांगायला सुरुवात केली. पूल, पाणी, तिकीट. त्यांनी मधेच अडवून विचारलं, "तुमचा फोन वाजला का?"

नाही, मी म्हणाले.

"माझाबी न्हाय वाजला," ते म्हणाले. "झोपा आता." आणि त्यांनी फोन ठेवला.

सकाळी मी आण्णांचा डबा झाकून ठेवला आणि नेहमीच्या गाडीनं कामावर गेले.